बार्ड प्लायमाउथ रॉक: आईबाप पट्टेदार, मग निम्म्या तलंगा (तरुण माद्या) काळ्या कशा?

निफाडचं खुराडं:
कप्प्यात 1 कोंबडा, 4 कोंबड्या, सगळे बार्ड रॉक, म्हणजे काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांच्या जातीचे. उबवणी मशीनमधून 38 पिल्लं निघाली, आता 14 आठवड्यांची आहेत. 18 नर, सगळे पट्टेदार. 20 तलंगांपैकी 9 मात्र ठार काळ्या, एक पट्टा नाही. काही नरांच्या मानेवर पितळी झाक आहे आणि पट्ट्यांच्या कडा पुसट. बाप रंगाने कोंबड्यांइतकाच गडद आहे. सगळा कप्पा मोडायचा का?

सिन्नरकर:
कोंबड्या बदलू नका, भाऊ. अडचण कोंबड्यात आहे.

पट्ट्याचं जनुक झेड गुणसूत्रावर असतं. नराला दोन झेड, मादीला एकच. म्हणून मादीत ते लपून राहत नाही: पट्टे दिसले तर आहे, नाही तर नाही. नरात एकाच झेडवर असलं तरी पट्टे येतात. तुमचा कोंबडा असा एकेरी आहे. निम्म्या लेकींना तो पट्टा देतो, निम्म्यांना नाही. 20 पैकी 9, हिशोब बसतो. नर पिल्लांना आईकडून पट्टा मिळतोच, म्हणून त्यांत काळा एकही नाही.

दुहेरी नर, म्हणजे दोन्ही झेडवर पट्टा असलेला, फिका दिसतो, काळा आणि पांढरा पट्टा जवळपास सारख्या रुंदीचे. एकेरी नरात आणि मादीत काळा पट्टा रुंद. 18 पैकी साधारण निम्मे दुहेरी निघतील. त्यातले बांध्याने चांगले असे दोन-तीन ठेवा.

आणि काळ्या तलंगा विकायची घाई करू नका! नर तपासायला त्यांच्याइतकं चांगलं काही नाही. अंड्यावर आल्या की निवडलेला नर त्यांना लावा. इथे आईकडून पट्टा येतच नाही, त्यामुळे नर-मादी दोन्ही पिल्लं बापाची खरी परीक्षा घेतात. निकालही उबवणीच्या 21व्या दिवशीच मिळतो: पट्टेदार होणाऱ्या पिल्लाच्या काळ्या डोक्यावर पांढरट ठिपका असतो, काळ्या पिल्लाला नसतो. बाप एकेरी असेल तर 7 पैकी 7 ठिपकेवाली येण्याची शक्यता 128 त 1 इतकीच. एकही बिनठिपक्याचं आलं तर नर बाद. ही तपासणीची पिल्लं मूळ कळपात घेऊ नका, त्यातले सगळे नर एकेरी असणार.

ओझर परसबाग:
हे बरोबर, पण आधी एक खात्री करा. शेजारचा काळा कोंबडा लागला असेल तरी चित्र हेच दिसतं: त्याच्या लेकी काळ्या, मुलगे पट्टेदार. वीर्य कोंबडीच्या शरीरात 2 ते 3 आठवडे टिकतं. अंडी गोळा करण्याआधी कोंबड्या मोकळ्या होत्या का? पिल्लांपैकी कुणाचा तुरा असील जातीच्या कोंबड्यासारखा बसका, म्हणजे परक्या बापाचा वाटेल असा, आहे का?

निफाडचं खुराडं:
नाही ताई. चारी बाजूंनी आणि वर जाळी आहे, दोन महिने कुणी बाहेर नव्हतं. तुरे सगळ्यांचे उभे, करवतीसारखे.

ओझर परसबाग:
मग कोंबडाच. नवा नर सोडलात की पहिले 3 आठवडे अंडी उबवायला घेऊ नका.

पितळी झाकेसाठी मानेचं एक पीस उपटून बघा. वरचं टोक पिवळट आणि झाकलेला भाग, खालचा लोकरीसारखा भुगा स्वच्छ असेल तर ते उन्हाचं काम. द्राक्षबागेवरचं उरलेलं शेडनेट नरांच्या कप्प्यावर टाका. रापलेलं पीस सुधारत नाही, पिसं झडून नवी आल्यावरच रंग पाहा. तांबूस रंग भुग्यापर्यंत उतरला असेल तर ती रक्तातली खोट, तो नर पैदाशीला नको.

पुसट कडांचं कारण बहुतेक वेळा पीस वाढण्याचा वेग असतो. पीस हळू वाढलं की पट्टा अरुंद आणि रेखीव येतो, झपाट्याने वाढलं की रुंद आणि धूसर. पिल्लू पहिल्या दिवशीच पंख पसरून उजेडात धरा. खालच्या ओळीतली मुख्य पिसं वरच्या ओळीपेक्षा स्पष्ट लांब असतील तर ते जलद पिसाचं. दोन्ही ओळी सारख्या, किंवा वरची लांब, ते हळू पिसाचं. त्याच्या पायात रंगीत रिंग घाला आणि पैदाशीसाठी त्यातूनच निवडा. दिवस उलटले की हा फरक ओळखता येत नाही.

फक्त हळू पिसाची पिल्लं अंगाने उघडी राहतात. निफाडच्या डिसेंबर-जानेवारीत त्यांना ब्रूडरखाली (पिल्लांना ऊब देणाऱ्या साधनाखाली) इतरांपेक्षा आठवडा-दोन आठवडे जास्त ठेवा.