ताप गेला, तरी सहा आठवडे औषध द्यायचंच का? (ब्रुसेलोसिस, म्हणजे गुरांपासून माणसाला होणारा तापाचा आजार; मुलगा वय ७)

गुहागरची_माहेरवाशीण: मेच्या सुट्टीत लेक आजोळी होता. रोज सकाळी पेला घेऊन गोठ्यात उभा, आबा थेट पेल्यात धार काढून द्यायचे. जूनमध्ये ताप सुरू झाला. सकाळी हुंदडायचा, दिवेलागणीला अंग तापायचं, रात्री घामाने उशी ओली. मलेरिया, डेंग्यू, विडाल, काहीच निघालं नाही. तिसऱ्या आठवड्यात उजवा पाय ओढायला लागला, खुब्यात दुखतं म्हणे. तेव्हा कुठे एका डॉक्टरांनी विचारलं, घरी गुरं आहेत का? रक्तात ब्रुसेला (या आजाराचा जंतू) १:३२० आलं, म्हणजे पॉझिटिव्ह. रिफॅम्पिसिन आणि कोट्रायमोक्सॅझोल, सहा आठवडे. दहाव्या दिवशी ताप गेला. आता सासूबाई म्हणतात, पोराला किती औषधं पाजशील, पुरे कर. थांबवू का?

वेंगुर्ल्याची_आई: अजिबात नको! आम्ही हाच शहाणपणा केला. तिसऱ्या आठवड्यात बंद केलं, महिन्याभरात ताप नि लंगडणं परत, मग सगळं पहिल्यापासून. हा जंतू पेशींच्या आत दडून बसतो, म्हणून दोन औषधं आणि इतके दिवस. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज फुली मार. लघवी नारिंगी दिसली तर घाबरू नको, ते रिफॅम्पिसिनमुळे. माझी मुलगी अकराची, तिला जोडीला डॉक्सिसायक्लिन होतं. आठच्या आतल्यांना ते शक्यतो देत नाहीत, दातांवर डाग पडतात.

निवृत्त_गुरांचा_डॉक्टर: गाय गाभडली होती का एवढ्यात?

गुहागरची_माहेरवाशीण: हो, फेब्रुवारीत, सातव्या महिन्यात. वार (गर्भाची झिल्ली) आबांनीच हाताने काढली.

निवृत्त_गुरांचा_डॉक्टर: मग आबांचंही रक्त तपासा. आम्ही याला सांसर्गिक गर्भपात म्हणतो. गायीचं रक्त तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून तपासून घ्या. बाधित गाय दिसायला धडधाकट असते, औषधाने मात्र बरी होत नाही. दूध चांगलं उकळलं की जंतू मरतो. पुन्हा गाभडली तर हातमोजे घाला, वार आणि गर्भ चुना टाकून खोल पुरा, कुत्र्यांना मिळता कामा नये. पाडी चार ते आठ महिन्यांची असताना लस टोचून घ्या, जन्मात एकदाच लागते.

गुहागरची_माहेरवाशीण: औषध चालू ठेवते. आबांना फोन केला. कंबर दोन महिने दुखतेय, "पण ती वयाची" म्हणाले. रक्त द्यायला कसेबसे तयार झाले. दूध तापवायचं म्हटल्यावर मात्र भडकले, "तापवलेलं मुंबईवाले पितात!"