मदत हवी आहे: मांजरांची मस्ती की दादागिरी?

घरात दोन मांजरं आहेत. ठमी सात वर्षांची, शांत. बंड्या दीड वर्षाचा बोका, अंगात नुसती रग. दोघांची नसबंदी झालेली आहे. त्यांच्या लुटुपुटूच्या मारामारीची मला कधीच काळजी वाटली नाही. झेप घ्यायची, मान धरायची, मागच्या पायांनी लाथा झाडायच्या, मध्येच थांबून अंग चाटत बसायचं की परत सुरू. आवाज नाही, नख्या आत, आणि कधी हा मागे लागायचा तर कधी ती.

आता पाठलाग फक्त बंड्याच करतो. ठमी कान पाडून फिस्कारते, कपाटावर चढते आणि तो निघून गेला तरी उतरत नाही. पण मला जास्त खटकतंय ते वेगळंच. लिटर बॉक्स, म्हणजे दोघांचा शी-शूचा डबा, पॅसेजच्या टोकाला आहे आणि बंड्या बरोबर पॅसेजच्या मधोमध ठाण मांडतो. पंजा उगारत नाही, गुरगुरत नाही, नुसता टक लावून बघतो. शेपटीचं टोक तेवढं हलतं. ठमी दारापर्यंत येते, पुढचा पाय उचलून तशीच थांबते आणि मागे फिरते. काल तिने पलंगावर शू केली. घरातले म्हणतात, "खेळतायत, खेळू दे." मला पटत नाहीये. ही दादागिरीच ना? मध्ये पडायचं तर कसं? ओरडलं की ठमीच जास्त घाबरते.

प्रतिसाद १:
खेळात पाळी बदलते, इथे ती बदलतच नाहीये. आणि वाट अडवणं हा खेळ नव्हे. तरी आधी ठमीला डॉक्टरांना दाखवा. पलंगावर शू करण्यामागे मूत्रमार्गाचा त्रास असू शकतो, शिवाय दुखत असलेल्या मांजराला धसमुसळेपणा सोसत नाही. परत आणल्यावर थोडा वेळ वेगळ्या खोलीत ठेवा. अंगाला दवाखान्याचा वास असला की घरचं मांजरही अंगावर येतं.

लिटर बॉक्स आजच वाढवा. दोन मांजरांना तीन, तेही वेगवेगळ्या खोल्यांत. शेजारी शेजारी ठेवले तर एकाच जागी बसून बंड्या सगळे अडवेल. झाकणाचे नकोत, आत कोंडी होते. खाणं-पाणीही दोन ठिकाणी.

प्रतिसाद २:
टक लावून बसला की दोघांच्या मध्ये मोठा पुठ्ठा धरा. नजर तुटली की तो उठतो. हात मात्र अजिबात घालू नका. काडीला बांधलेल्या खेळण्यामागे त्याला रोज दमेपर्यंत पळवा. अंगातली रग कुठेतरी जिरायला हवी, नाहीतर ती ठमीवरच निघणार.

एक करून बघा: बंड्याला तासभर दुसऱ्या खोलीत ठेवा. ठमी त्याला शोधत दाराशी आली तर अजून बरंच काही शाबूत आहे.

धागाकर्ती:
आत्ताच ठेवलं. ती उतरली, थेट लिटर बॉक्सकडे गेली, मग पोटभर खाल्लं. दाराकडे फिरकलीसुद्धा नाही. उद्या डॉक्टरांकडे नेतेय. तोवर दोघांना वेगळं ठेवते, पण परत एकत्र कसं आणायचं?

प्रतिसाद २:
बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण द्या, अंथरुणं अदलाबदल करा. दोघं दाराशी निवांत खायला लागली की मग फटीतून दर्शन. ठमीच्या कलाने घ्या, बंड्याच्या नाही.