कसुतीवरचे मन उडाले आहे, ते परत कसे वळवावे?

प्रश्न: टिळकवाडीची अक्का

सर्वांना नमस्कार. मी बेळगावात टिळकवाडीला राहते. माझे माहेर हुक्केरीचे. तेथे शेजारच्या कानडी आज्जींनी परकराच्या काठावर कसुतीचा, म्हणजे धागे मोजून करायच्या आमच्याकडच्या कानडी भरतकामाचा, गवंतीचा टाका घालायला शिकवला आणि पुढे मुरगी, नेगी, मेंथी असे करत चारही टाके हाताला बसले. लग्नानंतर, मुलांच्या शाळांच्या धांदलीतही, दुपारची जेवणे आटोपली की गॅलरीत तासभर कसुती घेऊन बसायचे हा माझा ठरलेला नेम होता आणि त्या तासात कोणी हाक मारलेली मला खपत नसे.

गेल्या दिवाळीपासून मात्र सुई हातात घ्यावीशीच वाटत नाही. भाचीच्या लग्नात द्यायची म्हणून काळ्या इरकल साडीवर मी काम काढले होते. पदराच्या वर गोपुरांची सलग ओळ आणि अंगभर विखुरलेली लहान तुळशीवृंदावने असा बेत होता. लग्न होऊन गेले, भाचीला वेगळी साडी दिली, आणि ही अर्धवट साडी भरतकामाच्या रिंगसकट कापडी पिशवीत घालून कपाटात ठेवली आहे. कपाट उघडताना ती पिशवी दिसते आणि मी दुसरीकडे बघते. आळस म्हणावा, तर घरची बाकी सगळी कामे वेळच्या वेळी होतात.

ज्यांनी कसुती केलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. यात कापडावर नक्षी छापून घेत नाहीत, कापडाचे धागे मोजून टाके घालतात. कोठेही गाठ मारायची नसते. गवंतीमध्ये जाताना एकाआड एक टाका घालत जायचे आणि येताना मधल्या मोकळ्या जागा भरत, जेथून निघालो तेथेच परत पोहोचायचे, म्हणजे साडीची दोन्ही अंगे सारखी दिसतात. मोजणी एका धाग्याने चुकली तरी परतीची वाट जुळत नाही आणि सगळे उसवावे लागते. पूर्वी या मोजण्यातच माझा जीव रमत असे. आता मोजायला लागले की चिडचिड होते आणि मान दुखू लागते.

मधल्या काळात दोन गोष्टी बदलल्या, त्याही लिहून ठेवते. नातवाला सांभाळायचे असल्यामुळे दुपारचा वेळ गेला आणि कसुती संध्याकाळी, ट्यूबलाइटखाली करावी लागू लागली. शिवाय एका दुकानासाठी मी काही महिने ब्लाउजपीस भरून दिले. रंग त्यांचे, नक्षी त्यांची, तारीखही त्यांचीच. पैसे मिळाले, नाही असे नाही.

छंद असा मधेच सुटतो तेव्हा तो पुन्हा धरण्यासाठी आपण काय केले, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. ‘मन लावून बसा, आपोआप होईल’ हा सल्ला घरात रोज मिळतो, तेवढा कृपया देऊ नये.

उत्तर: निपाणीची सुईवाली

अक्का, मला तुमच्या मनापेक्षा तुमच्या ट्यूबलाइटचा जास्त संशय येतो. काळे कापड, त्यावर मोजून घालायचे टाके, संध्याकाळची वेळ आणि नातू सांभाळण्याचे वय, एवढे एकत्र आल्यावर चिडचिड झाली नसती तरच नवल. चाळिशीनंतर जवळचे दिसण्याची डोळ्यांची ताकद हळूहळू कमी होत जाते, आणि हे इतक्या सावकाश होते की आपल्याला ते डोळ्यांचे दुखणे वाटतच नाही, कामाचाच कंटाळा आला असे वाटते. मान दुखते असे तुम्ही लिहिले आहे, ते तर अगदी बोलके आहे, कारण दिसत नाही म्हणून आपण वाकत जातो. प्रथम डोळे तपासून घ्या, आणि वाचायच्या चष्म्यावर भागवू नका. आपण कापड डोळ्यांपासून किती अंतरावर धरतो हे डॉक्टरांना हातात कापड धरून दाखवा, कारण पुस्तकाचे अंतर आणि भरतकामाचे अंतर एकच असेल असे नाही.

काळ्या साडीसाठी दोन जुन्या युक्त्या आहेत. मांडीवर पांढरा पंचा किंवा उशीचा अभ्रा पसरावा आणि त्यावर काम धरावे, म्हणजे विणीतील छिद्रे खालून उजळतात आणि धागे मोजता येतात. दिवा डोक्यावर नको. उजव्या हाताने टाके घालणाऱ्यांनी तो डाव्या बाजूला, थोडा पुढे ठेवावा, म्हणजे हाताची सावली सुईवर पडत नाही. इरकलीची वीण एवढी बारीक असते की चांगल्या डोळ्यांनाही ती मोजणे जड जाते. म्हणून पुष्कळ जणी साडीवर मोजणीचा कॅनव्हास टाचून घेतात, त्याच्या घरांवर कसुती भरतात आणि काम झाले की कॅनव्हासचे धागे एकेक करून ओढून काढतात. यात कमीपणा मानणाऱ्या काही जणी भेटतात. त्यांना काळी साडी आणि रात्रीचा दिवा द्यावा.

आणि साडी रिंगमध्ये अडकलेली आहे असे तुम्ही लिहिले आहे. बाकीचे पुढच्या आठवड्यात करा, पण रिंग आजच काढा. रिंगची घडी फार दिवस राहिली तर ती इस्त्रीनेही जात नाही, आणि सुई कापडात टोचून ठेवली असेल तर आपल्या पावसाळी हवेत तिला गंज चढतो.

उत्तर: चिकोडीचे निवृत्त मास्तर

मला कसुतीतले काही कळत नाही. आमच्या घरी ती आई करत असे आणि आम्ही फक्त दोरा ओवून देत असू. परंतु प्रश्नातील ब्लाउजपीसचा उल्लेख वाचून शिक्षणशास्त्रातील एक जुना प्रयोग आठवला. 1973 साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या बालवाडीतील, रंगीत पेनांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली मुले निवडली आणि त्यांचे तीन गट केले. एका गटाला ‘चित्र काढा, तुम्हाला सोनेरी शिक्क्याचे प्रशस्तिपत्र देऊ’ असे आधीच सांगितले. दुसऱ्या गटाला तेच प्रशस्तिपत्र काही न सांगता, चित्र झाल्यावर अचानक दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. पुढे काही दिवसांनी मोकळ्या वेळात तीच पेने मुलांसमोर ठेवली, तेव्हा ज्यांना बक्षिसाचे आधी कबूल केले होते ती मुले इतरांपेक्षा पुष्कळच कमी वेळ चित्रे काढताना दिसली. जे काम आपण हौसेने करत होतो ते आपण कशासाठी तरी करतो आहोत, अशी मनाची समजूत होऊन बसते आणि ते ‘कशासाठी तरी’ निघून गेले की कामातही राम राहत नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो.

आपल्या बाबतीत हेच घडले असेल असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. परंतु दुकानाचे काम सुरू होण्याच्या आधी उत्साह कसा होता आणि नंतर कसा राहिला, हे आठवून पाहावे. उत्साह त्या काळातच ओसरला असेल, तर काही काळ कोणासाठीही, अगदी भाचीसाठीसुद्धा, कसुती करू नये. घरातल्या एखाद्या जुन्या पांढऱ्या रुमालावर मनाला येईल ते भरावे आणि ते कोणाला दाखवूही नये.

उत्तर: शहापूरची कारागीर

मास्तरांविषयी पूर्ण आदर ठेवून लिहिते, पण पैशाला एवढे बदनाम करू नये. मी शहापुरात राहते. आमच्या गल्लीत मागाचा आवाज ऐकतच मुले मोठी झाली आणि माझे घर बऱ्याच अंशी कसुतीवर चालते. हात विटत असते तर आम्ही कधीच उपाशी राहिलो असतो. मास्तरांच्याच प्रयोगात ज्या मुलांना बक्षीस अचानक मिळाले त्यांची आवड कमी झाली नव्हती ना? मग दोष बक्षिसाचा नाही, आधी घातलेल्या अटीचा आहे. अक्कांनी स्वतःच लिहिले आहे की रंग, नक्षी आणि तारीख सगळे दुकानाचे होते. अशा वेळी आपल्याकडे फक्त मजुरी उरते. मी काम घेताना पहिल्यापासून सांगते की कापड तुमचे आणि किंमत ठरलेली, पण नक्षीची मांडणी माझी. काही गिऱ्हाइके परत जातात. जी राहतात ती वर्षानुवर्षे राहतात.

हात विटतो तो दुसऱ्याच एका कारणाने, आणि ते कोणी बोलत नाही. कसुतीला 2006 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी बाजारात यंत्रावर काढलेले भरतकाम ‘कसुती’ म्हणून सर्रास विकले जाते, आणि त्याच्या भावाशी आपल्या हाताच्या कामाची तुलना होते. साडी उलटून पाहिली की फरक लगेच कळतो. यंत्राच्या कामात मागच्या अंगाला वेगळ्या दोऱ्याचे जाळे किंवा चिकटवलेले कापड दिसते, आणि हाताच्या गवंतीत मागेही तेच गोपूर असते. पण उलटून पाहतो कोण? ‘एवढे पैसे कशाचे?’ हा प्रश्न सतत ऐकत राहिले की चांगल्या चांगल्या हातांचा उत्साह जातो. अक्का, तुमच्या दुकानदाराने असे काही बोलून ठेवले नाही ना, हेही आठवून बघा.

काळ्या साडीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ती पुरी करण्याची शपथ घेऊ नका. गोपुरांची ओळ झाली असेल तर वृंदावने काठाजवळ थोडी घालून साडी नेसायला काढा. अंगभर असलीच पाहिजेत असा काही नियम नाही.

उत्तर: खानापूर, रानाकडचे घर

आमच्याकडे पावसाळ्यात दिवसच काय, वीजही दिसत नाही, त्यामुळे मोजणीचे काम चार महिने बंद ठेवावे लागते हे मी फार पूर्वीच मान्य करून टाकले आहे. त्या दिवसांत मी गोधडी शिवते. गोधडीला धावदोरा, जुनी लुगडी आणि जमिनीवर पसरायला जागा एवढेच लागते. टाका मोठा पडला, लहान पडला, ओळ वाकडी गेली, तरी गोधडी उबदारच होते. ज्यांचे हात मोजण्याला कंटाळले आहेत त्यांना हे काम फार मानवते, असे मी दोन-तीन मैत्रिणींच्या बाबतीतही पाहिले आहे. सुईचा हात चालू राहतो, बोटांची सवय मोडत नाही, आणि आश्विनात ऊन आले की कसुती परत हाती येते. आपण ती सोडून दिली होती असे वाटतही नाही.

आमच्या तालुक्याच्या सीमेपलीकडे हल्याळच्या बाजूला सिद्दी समाजाच्या बायका ‘कवंदी’ नावाची तुकड्यांची गोधडी शिवतात, ती कधी जवळून पाहा. कापडाचे तुकडे त्या कडेपासून लावायला घेतात आणि गोल फिरत आत मध्याकडे येतात. आधी आखणी नसते, माप नसते, हाताशी जो तुकडा येईल त्याला जागा मिळते. शेवटी चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची छोटी ‘फुले’ बसवली जातात आणि ती नसली तर कवंदी उघडी राहिली असे मानतात. एका बाईंच्या ओसरीवर बसून मी ते काम पाहिले. त्या बोलत होत्या, मधेच उठून कोंबड्या हाकलत होत्या, परत बसून जेथे सुई सोडली तेथून पुढे चालू लागत होत्या. कसुतीत असे उठता येत नाही, मोजणी हरवते. अक्का, ज्या घरात नातू रांगतो आहे तेथे गवंती घेऊन बसणे हेच मुळात अवघड आहे, आणि त्यात तुमच्या आवडीचा काही दोष नाही. त्याच्या दुपट्यासाठी एक लहान गोधडी काढा. ती अर्धवट राहिली तरी तो तिच्यावर झोपेल.

टिळकवाडीची अक्का

सर्वांचे मनापासून आभार. निपाणीच्या ताईंचे ऐकून रिंग लगेच काढली आणि डोळेही तपासून आले. जवळचा नंबर वाढला आहे आणि नवा चष्मा आठवड्याभरात मिळेल. शहापूरच्या ताईंनी विचारले ते खरे आहे. दुकानात एकदा एका गिऱ्हाइकासमोर माझ्या कामाच्या शेजारी यंत्राचा पीस ठेवून ‘दिसायला सारखेच’ असे बोलले गेले होते. ते मी विसरले आहे असे मला वाटत होते. मास्तरांच्या सूचनेप्रमाणे काही दिवस कोणाचेही काम घेणार नाही. अंगभर वृंदावनांचा बेतही सोडला आहे, काठाजवळ एक ओळ घालून थांबणार. गोधडीसाठी सासूबाईंची दोन सुती लुगडी काढून ठेवली आहेत.

आता एक नवी अडचण आहे. सुई खरोखरच कापडात राहिली होती आणि पदराच्या थोडे वर गंजाचा तांबूस ठिपका पडला आहे. काळ्यावर तो फारसा दिसत नाही, पण उजेडात कळतो. लिंबू आणि मीठ चोळले तर चालेल का?

निपाणीची सुईवाली

मुळीच चोळू नका. लिंबू-मीठ पांढऱ्या सुती कापडासाठी ठीक आहे. काळ्या साडीवर गंजाबरोबर रंगही उतरतो आणि तांबूस ठिपक्याच्या जागी फिकट ठिपका येतो, तो जास्त दिसतो. इरकलीत रेशीम असेल तर मीठ त्यालाही चांगले नाही. त्या जागेचे धागे नखाने हलकेच दाबून पाहा. कापड तेथे कुजलेले नसेल तर ठिपका तसाच राहू द्या आणि एखादे वृंदावन त्यावर येईल असे बघा. कुजले असेल तर आधी मागून त्याच रंगाच्या बारीक दोऱ्याने रफू करून घ्या आणि मगच त्यावर भरा, नाहीतर टाका ओढताना तेथेच फाटेल.