डे-केअरचा खर्च: एफएसए की टॅक्स क्रेडिट?

एकीने विचारलंय की अमेरिकेत एका मुलाच्या डे-केअरसाठी डिपेंडंट केअर एफएसए (टॅक्स कापण्याआधी पगारातून कंपनीमार्फत बाजूला ठेवायचे पैसे) घ्यायचं की नुसतं टॅक्स क्रेडिट (भरायच्या टॅक्समधून थेट मिळणारी सूट). आमचा अनुभव सांगते, दोघांचे पगार बरे असतील तर आधी एफएसएच. २०२६ पासून लिमिट ५००० वरून ७५०० डॉलर झालंय (कंपनीने प्लॅनमध्ये वाढवलंय का ते एचआरला नक्की विचारा) आणि त्यावर इन्कम टॅक्सबरोबर सोशल सिक्युरिटी, मेडिकेअरचे टॅक्सही कापत नाहीत, म्हणजे २२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये साधारण २२०० डॉलर वाचतात. क्रेडिट एका मुलाच्या ३००० खर्चावरच मिळतं, ३५ टक्के धरले तरी १०५०. आणि एफएसएचे पैसे त्या ३००० मधूनच वजा होतात, त्यामुळे एकाच खर्चावर दोन्ही मिळत नाही.

एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या जोडीदाराचा व्हिसा) जोडीदार घरी असेल, नोकरी शोधत नसेल, फुलटाइम शिकतही नसेल, तर दोन्ही मिळत नाही, हे फार जणांना उशिरा कळतं आणि वाईट वाटतं.

अजून एक, आमची मुलगी एका मराठी काकूंकडे असायची, वरणभात भरवायच्या, फार माया लावली, पण टॅक्स रिटर्नमध्ये या खर्चाचा फॉर्म २४४१ भरताना त्यांचा सोशल सिक्युरिटी नंबर हवा होता आणि मार्चमध्ये तो मागताना दोघींनाही अवघडल्यासारखं झालं. पहिल्याच दिवशी डब्ल्यू-१० (सांभाळणाऱ्यांचं नाव, पत्ता, नंबर घ्यायचा फॉर्म) भरून घ्या, प्लीज. आणि या खर्चात समर डे कॅम्प चालतो, रात्री राहायचा कॅम्प नाही.