हरलेल्याचं कौतुक कायले करता म्हणे!

वावरवाला: काल एकानं बॉक्सर सतीशकुमारचा टोकियो ऑलिम्पिकचा फोटो टाकला, चेहऱ्यावर टाके असलेला, अन् खाली लिहिलं, "0-5 नं हरला, एका जजनंही त्याले जिंकवलं नाही, तरी आपण त्याले वीर म्हणतो, म्हणूनच आपल्याले मेडल भेटत नाही. हरलेल्याले टाळ्या वाजवणं बंद करा." पाचशे लाईक. रात्री ओलिताले गेलतो, लाईन दोन वाजता आली, तोवर बांधावर बसून हेच डोक्यात. अरे बावा, समोर कोण होता ते तं पाह्य. उझबेकिस्तानचा जलोलोव्ह, 2019 चा वर्ल्ड चॅम्पियन, दोन मीटरचा धिप्पाड, वरून डावखुरा. त्याच 2019 मधी त्यानं अमेरिकेच्या टोरेझले असं पाडलं का पोट्ट्याले स्ट्रेचरवर न्यावं लागलं. अन् आपला माणूस बुलंदशहरचा, फौजेतला, आधी कबड्डी खेळणारा, अंगकाठी पाहून बॉक्सिंगले लावलेला. सुपर हेवीवेटमधी ऑलिम्पिकले जाणारा पहिला भारतीय. त्याच्या आधीची जमैकावाल्याशी फाईट 4-1 नं जिंकताना हनुवटी फाटली, कपाळ फाटलं. 7 अन् 6, तेरा टाके. घरचे नको म्हणत होते. तरी उतरला, तिसऱ्या राउंडले जखम उघडली, तरी शेवटच्या घंटीपर्यंत उभा. फाईट झाल्यावर खुद्द जलोलोव्हनं त्याची तारीफ केली. जिंकणाऱ्याले त्याची किंमत कळली, इथं मोबाईलवाल्याले कळत नाही.

घंटी वाजली: ती पोस्ट माझी आहे भाऊ, नाव घेऊन बोला, मी घाबरत नाही. मी सतीशकुमारला शिवी दिली का? नाही. त्याचा 2014 चा एशियाडचा ब्राँझ, 2018 चा कॉमनवेल्थचा सिल्व्हर, यांच्यावर कोणी पोस्ट टाकली का आजवर? नाही टाकली. रक्त दिसलं तेव्हा सगळ्यांना बॉक्सिंग आवडलं. माझा राग या सवयीवर आहे, सतीशकुमारवर नाही. आपल्या नागपूरची अल्फिया पठाण 2021 ला पोलंडमध्ये युथ वर्ल्ड चॅम्पियन झाली, गोल्ड आणलं. किती जणांच्या स्टेटसला होती? तिचं रक्त निघालं नाही ना, म्हणून.

पीएचसीवाली: दोघांनाही सांगते, वीस वर्षं टाके घालण्यातच गेली माझी. कपाळाच्या कातडीत रक्तवाहिन्या भरपूर, खाली लगेच हाड, थोडं फाटलं तरी नळ सुटल्यासारखं रक्त येतं. बघणाऱ्याला वाटतं माणूस गेला. टाके पडले, पट्टी झाली, दहा दिवसांत मोकळा. खरा धोका रक्तात नाही, डोकं हलतं त्यात आहे, आणि ते फोटोत दिसत नाही. 2013 पासून मोठ्या पुरुषांच्या स्पर्धेत हेडगार्ड काढून टाकलं, तेव्हापासून डोक्याला डोकं लागून फाटण्याचं प्रमाण वाढलं. पण हेडगार्ड घातलं तरी आतला मेंदू हलायचा राहतो थोडाच. म्हणून तुम्ही ज्या टाक्यांवरून भांडताय ते सगळ्यात कमी महत्त्वाचे आहेत.

वावरवाला: ताई, मान्य. पण डॉक्टरनं पाहूनच उतरू दिलं ना त्याले? मंग?

घंटी वाजली: डॉक्टरनं पाहिलं म्हणे. 1982 ला लास व्हेगसला कोरियाच्या किम डुक-कूला कोणी पाहिलं नव्हतं का? समोर मॅन्सिनी होता, चॅम्पियन. हा तिकडे फारसा कोणाला माहीत नसलेला, 14 राउंड भिडला, लोक उभे राहून ओरडत होते काय जिगर आहे काय जिगर आहे. चार-पाच दिवसांत पोरगं गेलं. त्याच्यानंतर मोठ्या फाईट 15 वरून 12 राउंडवर आणल्या. तुमच्या टाळ्यांचा हिशोब असा होतो.

पऱ्हाटी: हेच मी म्हणतो. आम्हाले लय वर्षापासून जिद्दी म्हणून रायले सगळे. "विदर्भाचा कास्तकार जिद्दी आहे हो, पाऊस नाही, बोंडअळी आली, तरी पुन्हा पेरते." अरे पेरते कारण दुसरं काही येत नाही. जिद्दीचं कौतुक करायले पैसे लागत नाही, कापसाले भाव द्यायले लागते. मागच्या वर्षी व्यापाऱ्यानं ओला म्हणून क्विंटलमागं कापले, तेव्हा कोणी टाळ्या नाही वाजवल्या.

घंटी वाजली: भाऊ प्रत्येक धाग्यात कापूस. परवा क्रिकेटच्या धाग्यात पण कापूस होता.

पऱ्हाटी: वावरात कापूस तं धाग्यात कापूसच येईन ना, काजू येईन का?

जुना लंगोट: आता माह्यं ऐका, कारण इथं लिहिणाऱ्यात लंगोट बांधलेला मीच एकटा दिसतो. 1994, आमच्या गावची जत्रा, आम दंगल. शेवटची जोड 501 रुपयाची. अमरावतीकडचा पहेलवान होता, 80 किलोच्या वर, आखाड्यात फिरून रायला अन् त्याच्याशी कोणी हात मिळवेना. डफडंवाला पण थकला. मी 62 किलो, वय एकवीस. मित्रायनं ढकललं म्हणा का खाज होती म्हणा, गेलो. सात-आठ मिनिटं त्याले खाली बसू नाही दिलं. दोनदा पाय धरून पट काढला, दोनदा निसटला. अन् मंग त्यानं कलाजंग मारली, मी त्याच्या खांद्यावरून गेलो ते थेट उजव्या खांद्यावर. चीत. खांदा निखळला. पण राजेहो, त्या मातीत पडल्या पडल्या जो आवाज ऐकला तो आजवर कानात आहे, अख्खा गाव माह्यं नाव घेऊन रायला होता, जिंकणाऱ्याचं नाही. 51 रुपये अन् नारळ भेटला मले. माय घरी गेल्यावर बोलली नाही दोन दिवस, तिसऱ्या दिवशी तोच नारळ फोडून चटणी केली. आज पाठीवर फवाऱ्याचा पंप घेतला का खांदा बोलते. पण विचाराल तं पुन्हा जाईन. हे ज्याले समजलं त्याले सतीशकुमार समजला.

धुरा: काका राग नका मानू, त्या पट्ट्यातल्या जत्रेच्या शेवटच्या जोडी नुरा असायच्या हे लहान पोराले पण माहीत आहे. आधीच ठरलेलं राहे, सात-आठ मिनिटं लोकायले खेळवायचं मंग पडायचं. पैसे रात्री वाटून.

जुना लंगोट: काय म्हणला?

जुना लंगोट: माह्या खांदा नुरा होता का बे? ये घरी, हात लावून पाह्य, हाड वर आलेलं आहे अजून. हाडवैद्यानं दाराले दुपट्टा बांधून ओढला होता हात.

धुरा: खांदा खरा असन हो, कुस्ती म्हणून रायलो मी. चुकून लागला असन. मी स्वतः पाह्यलं आहे, ते पहेलवान सगळे एका टेम्पोत आले अन् एकाच टेम्पोत परत गेले. दुश्मन कधी एका टेम्पोत बसतात का?

जुना लंगोट: अरे टेम्पोच एक होता तालुक्यात!!! बसनार कायच्यात, हेलिकॉप्टरमधी?

मास्तर (निवृत्त): टेम्पो नव्हता. मेटाडोर होती, निळी. 94 च्या जत्रेला पंचांच्या टेबलावर पावत्या फाडायला मीच होतो. शेवटची जोड 501 ची नव्हे, 351 ची होती.

जुना लंगोट: मास्तर तुमी तरी नका ना आता.

मास्तर (निवृत्त): जे आहे ते आहे. कुस्ती मात्र खरी होती हे मी लेखी देतो. नुरा असती तर पंचांनी दोनदा कडेवरून मधात आणून लावली नसती. नुरा आदल्या वर्षी होती, त्यावरून मारामारी झाली, म्हणून त्या वर्षी पाटलांनी बाहेरचे पंच बोलावले.

धुरा: मंग आदल्या वर्षीची तं होती ना नुरा. मी तेच म्हणलं.

जुना लंगोट: तू तेच नाही म्हणला. तू माह्यं नाव घेतलं. ज्यानं आयुष्यात धुऱ्यावरून उडी मारली नाही त्यानं कुस्तीवर बोलू नये.

वावरवाला: अरे मूळ मुद्द्यावर या ना राजेहो. मी काय म्हणतो, चक वेपनर घ्या. 1975, दारू विकणारा सेल्समन, समोर मुहम्मद अली. नवव्या राउंडले अलीले खाली पाडला. अली म्हणे पायावर पाय दिला, ते सोडा. 15 व्या राउंडले 19 सेकंद बाकी असताना रेफ्रीनं थांबवली. तो हरला. पण पन्नास वर्षानंतरही आपण यवतमाळ जिल्ह्यात बसून त्याचं नाव घेतो का नाही?

घंटी वाजली: त्याच वर्षी मनिलाला अली-फ्रेझरची फाईट पण झाली, ती सोयीनं विसरता. फ्रेझरचे डोळे सुजून बंद, 15 वा राउंड बाकी, कोच एडी फचनं थांबवली. फ्रेझर म्हणत होता मला जायचंय. कोचनं जाऊ दिलं नाही. मला विचाराल तर त्या दिवशी सगळ्यात जास्त हिंमत त्या म्हाताऱ्या कोचची होती, कारण हजारो लोकांसमोर आपल्या माणसाला "बस" म्हणायचं सोपं नाही. त्याचा फोटो कोणी स्टेटसला ठेवत नाही. ठेवा म्हणतो मी.

पीएचसीवाली: हे पटलं. आणि जुना लंगोट भाऊ, तुमच्या मित्रांमध्ये असा एक असता तर आज फवारणीला माणूस लावावा लागला नसता.

जुना लंगोट: फवारणीले माणूस लावतो असं कोण म्हणलं? मीच करतो, डाव्या खांद्यावर पट्टा घेऊन.

वावरवाला: घंटी भाऊ, फचचं बरोबर आहे. एवढंच बरोबर आहे. पण मंग तुमच्या पोस्टमधी "टाळ्या बंद करा" कायले लिहिलं? "कोचलेही टाळ्या वाजवा" असं लिहायचं होतं. अन् टोरेझ पाह्य, ज्याले स्ट्रेचरवर नेलं होतं, तोच पुन्हा त्याच जलोलोव्हसमोर टोकियोत फायनलले उभा. पुन्हा हरला, सिल्व्हर घेऊन गेला. त्यालेही नको टाळ्या?

घंटी वाजली: टोरेझला वाजवा. तो दोन वर्षं तयारी करून आला. बरं, सतीशकुमारलाही वाजवा, माझ्या बापाचं काय जातं. पण "फॉरवर्ड करा, खरा भारतीय असाल तर" लिहिलेला फोटो पुन्हा दिसला तर मी पुन्हा पोस्ट टाकणार.

पऱ्हाटी: तो फोटो मीच फॉरवर्ड केलता. सॉरी.

धुरा: काका, तो अमरावतीकडचा पहेलवान म्हणजे उजव्या कानाचं फूल झालेला, चांदूर बाजारकडचा का? तो माह्या साळ्याच्या आत्याचा नवरा लागते. आत्ता फोन लावला. विचारलं, 94 ची जत्रा, 62 किलोचं पोट्टं, कलाजंग. म्हणे, "बाप्पा तीनशेच्या वर कुस्त्या मारल्या, कोणती ते कायची आठवते." पण नुरा नव्हती म्हणे, नुरा असती तं पैसे मोजल्याचं आठवलं असतं.

जुना लंगोट: आठवत नाही म्हणे?

धुरा: नाही म्हणे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्यायचं, घरीच असतात.

जुना लंगोट: दोनदा पट काढला होता मी त्याचा. ते सांगितलं का?

धुरा: नाही सांगितलं.

जुना लंगोट: सांग. अन् नंबर पाठव मले.