बालवाडीच्या मुलांना अंगणातली जैवविविधता कशी दाखवू?

बालवाडीताई
कोथरूडला बालवाडीत शिकवते. 18 मुलं, वय चार ते सहा. या पावसाळ्यात दर आठवड्याला त्यांना बाहेर न्यायचं ठरवलंय. बाग अशी नाही. मागच्या अंगणात लिंबू आणि कढीपत्ता आहे, कुंपणाला रुई आहे, उरलेल्या जागेत टाकळा माजलाय. गल्लीच्या टोकाला मोठा उंबर आहे. शेकरू, हरियाल पक्षी, नीलवंत फुलपाखरू ही राज्याची मानचिन्हं मुलांना तक्त्यावरून पाठ आहेत, पण इथे शेकरू कुठून दिसणार? दारात जे आहे त्यातून सुरुवात कशी करू? आणि अळी म्हटलं की काही पालक घाबरतात, त्यांना काय सांगू?

रानवाट
ताई, नावं राहू द्या. मुलांना आधी खाल्लेलं पान शोधायला लावा. वेल्ह्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवायचो, तेव्हापासून मी हेच करत आलोय. पाखरू दाखवायला जावं तर ते उडून जातं आणि मागची मुलं "कुठंय, कुठंय" करत राहतात. कुरतडलेलं पान जागचं हलत नाही. कड खाल्लीय, मधे भोक आहे, की पान आतून पोखरणाऱ्या नागअळीची पांढरी वाकडी रेघ आहे? "हे कुणी खाल्लं?" एवढंच विचारा आणि गप्प राहा. मुलंच शोधतात.

लिंबाच्या कोवळ्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर वाकून बघा. लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी हुबेहूब तशी असते, म्हणून पक्ष्यांच्या नजरेतून सुटते. मोठी झाली की हिरवी होते आणि घाबरली की डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग काढून उग्र वास सोडते. तुमच्या तक्त्यावरचं नीलवंतही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. 2015 पासून ते राज्याचं फुलपाखरू आहे.

आता रुईकडे या. तिथे काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी मिळेल. ती लिंबाचं पान खात नाही, उपाशी मरेल. लिंबावरची रुईला तोंड लावत नाही. टाकळ्यावर छोटी पिवळी फुलपाखरं अंडी घालतात. अंगणात तीन प्रकारची झाडं का हवीत, हे चार वर्षांच्या मुलालाही इथे कळतं, मोठा शब्द न वापरता. म्हणून कळकळीने सांगतो, टाकळा तण म्हणून उपटू देऊ नका आणि लिंबावर औषध मारू देऊ नका.

रुईचा चीक डोळ्यांना फार वाईट. ते पान मोठ्यांनीच धरायचं.

ओवीची आई
मीही आधी घाबरायचे. आमच्या ताईंनी पालकांनाच एकदा सोबत नेलं, तेव्हा भीती गेली. नियम साधे होते: डोळ्यांनी बघायचं, केसाळ सुरवंटाला अजिबात हात लावायचा नाही कारण अंगाला खाज सुटते, दगड मुलांनी उचलायचा नाही, परतल्यावर साबणाने हात धुवायचे. उंबर मात्र नक्की दाखवा. पिकलेलं फळ फोडलं की आत बारीक किडे दिसतात. उंबराची फुलं त्या फळाच्या आतच असतात आणि या किड्यांशिवाय त्यात बी धरत नाही. ओवी आता मंडईत अंजीर दिसलं तरी विचारते, यात कोण राहतं?

बालवाडीताई
दोघांचेही मनापासून आभार. आजच बघितलं, कढीपत्त्यावर दोन हिरव्या अळ्या आहेत! कोष झाला की बरणीत घालून वर्गात ठेवू का?

रानवाट
नको, फांदीवरच राहू द्या. शेजारी रंगीत लोकर बांधून खूण करा आणि मुलांना रोज तिथे न्या. साधारण आठवडा-दहा दिवसांत फुलपाखरू बाहेर येतं, बहुतेकदा सकाळी, म्हणून शाळा भरताच आधी तिकडे चक्कर मारा. कधी कोषाला बारीक भोक पडून त्यातून इवल्या गांधीलमाश्या निघतात. कोष त्यांनी आतून खाल्लेला असतो. मुलं रडवेली होतात, तरी लपवू नका. त्या माश्याही त्याच झाडावर जगतात, तसं सांगा.