एक्झॉस्ट लावला की बाथरूममध्ये गटाराचा वास का वाढतो?

पाथर्डी_फाटा:
दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, इमारत १५ वर्षांची. मे महिन्यात तीन आठवडे कोकणात होतो. परतल्यापासून आतल्या बाथरूममध्ये सडक्या अंड्यासारखा वास. गंमत म्हणजे एक्झॉस्ट फॅन लावला की तो आणखीच वाढतो! फिनेल, डांबरगोळ्या, उदबत्ती, सगळं झालं. प्लंबर दारातूनच म्हणाला, कमोड उपटून नवा बसवा, आठ हजार होतील. वास कुठून येतोय ते बघायला आतसुद्धा गेला नाही. काय करू?

गंगापूर_रोडवाला:
आमच्याकडे बेसिनचा वेस्ट पाईप भिंतीच्या भोकात नुसता खोचलेला होता. भोवती एम-सील लावलं, वास गेला. तेवढं आधी बघून घ्या.

रिटायर्ड_ओव्हरसियर:
ताई, कमोडला हात लावू नका. फॅन आतली हवा बाहेर फेकतो, तेवढी कुठून तरी आत यायला हवीच ना? दार-खिडकी बंद असली की ती ड्रेनेजच्या पाईपमधून येते. जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी साठून राहणाऱ्या खोलगट भांड्यात, साधारण ५० मिमी पाणी उभं असतं, तेच गटाराची हवा अडवतं. घर बंद असलं की उन्हाळ्यात ते आटतं.
आज प्रत्येक जाळीत, बेसिनमध्ये, मशीनच्या पाईपजवळच्या भोकात दोन-दोन मग पाणी ओता. तरी वास राहिला तर प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून गाठ मारा आणि अशी एकेक पिशवी सगळ्या भोकांवर ठेवा. मग फॅन लावून एकेक उचलायची. जिथली उचलल्यावर वास आला, तिथेच दुखणं. पुन्हा गावाला जाताना ट्रॅपमध्ये चमचाभर खोबरेल सोडा, पाणी लवकर आटत नाही.

सातपूर_००७:
सरळ ॲसिड ओता राव.

रिटायर्ड_ओव्हरसियर:
ॲसिडने कोरडा ट्रॅप भरतो का? आणि त्या भोकात आधी कोणी ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर क्लोरीन वायू निघेल. बंद बाथरूममध्ये जिवावर बेतेल. असले सल्ले देऊ नका.

पाथर्डी_फाटा:
काका, सापडलं! पाणी ओतून दोन दिवस झाले तरी वास होताच, म्हणून पिशव्या ठेवल्या. बादलीमागच्या जाळीवरची उचलली आणि भपकन वास आला. जाळी काढली तर खाली उलटी वाटी असते ती गायबच, टॉर्च मारला तर थेट काळा पाईप दिसला. घरात चौकशी केली. कोकणात जायच्या आधी पाणी तुंबत होतं म्हणून सासूबाईंनी वाटी काढली होती, आणि तेव्हापासून ती गॅलरीत मनीप्लांटच्या कुंडीखाली होती. घासून परत बसवली. कालपासून फॅन चालू आहे, वास नाही. पाणी मात्र पुन्हा हळू जातंय.

रिटायर्ड_ओव्हरसियर:
वाटीची कड पाण्यात बुडालेली असते म्हणूनच हवा अडते, वाटी नसेल तर कितीही पाणी ओता, वास येणारच. आता ट्रॅपमध्ये हात घाला, केसांचा गुंता निघेल. वाटी काढू नका म्हणून सासूबाईंना तुम्हीच सांगा, मी नाही.